ओळंबेकाकांची सात शून्यं

ओळंबेकाकांचं आडनाव ओळंबे नव्हतं. खरं आडनाव काय ते गल्लीत फक्त पोस्टमनला ठाऊक होतं, आणि तोही हल्ली पाकिटावर बोट ठेवून विचारायचा, "हे म्हणजे ओळंबेच ना?" भिंत सरळ उभी आहे की नाही हे बघायला गवंडी दोरीला वजन लटकवून धरतो, त्याला ओळंबा म्हणतात. काकांना तसल्या दोरीची गरज नव्हती. कुणाच्याही घरात पाऊल टाकलं की चहाच्या आधी त्यांची नजर भिंतीवरच्या तसबिरीकडे जायची, मान एका बाजूला कलायची, आणि यजमानांना कळून चुकायचं की आपले आजोबा इतकी वर्षं तिरके लटकत होते. काका बोलत काहीच नसत. उठून तसबीर सरळ करत आणि पुन्हा येऊन बसत. माणूस फार सज्जन.

पोटापाण्यासाठी ते एका फर्निचर कंपनीत संगणकावर स्वयंपाकघरांचे आराखडे काढत. ओटा किती उंच हवा, कपाटाचं दार उघडलं की फ्रिजला आपटतं का, असली चिंता त्यांनी जन्मभर वाहिली. त्यांच्या आराखड्यावरून केलेलं कपाट भिंतीत असं बसायचं की फटीतून पोस्टकार्ड सरकू नये. कंपनीच्या मालकांनी भर सभेत म्हटलं होतं, की टेप खोटी निघेल पण हे निघणार नाहीत. ही गोष्ट काकांनी स्वतः कधी कुणाला सांगितली नाही. ते काकूंना सांगायला लावत.

तर अशा माणसाच्या हातून गल्लीच्या पाण्याचं जे झालं ते ऐकून लोक हसतात. खुशाल हसावं. पण हसून झाल्यावर एकदा हात जोडावेत, एवढंच म्हणणं आहे.

गल्ली चढाची. खाली पाण्याचा मोठा व्हॉल्व्ह, वर टोकाला आत्यांचं घर, आणि त्यांच्यासकट दोन्ही बाजूंना मिळून सात घरं. आत्या सख्ख्या फक्त ओळंबेकाकांच्या, पण गल्लीनं त्या केव्हाच आपसात वाटून घेतल्या होत्या. जुना पाइप खालच्या घरांना पाणी पाजता पाजताच दमायचा. आत्यांच्या नळापर्यंत पोचायची ती नुसती हवा. त्यामुळे आत्या रोज सकाळी दोन कॅन घेऊन उतारावरून गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरांच्या अंगणातल्या नळावर यायच्या आणि भरलेले कॅन घेऊन वर जायच्या. कुणी मदतीला पुढे झालं की म्हणायच्या, "कॅन उचलणार असशील तर मलाही उचल. अर्धी मदत मी घेत नाही." माणूस हसून मागे सरायचा, आणि आत्या निघून जायच्या.

आत्यांचा मुलगा दूरच्या शहरात राहायचा. त्यानं फोनवर सांगितलं, "आई, आता पुरे. या महिन्याच्या शेवटच्या रविवारी टेम्पो घेऊन येतोय. सामान बांधून ठेव." मुलगा वाईट नव्हता. आईनं या वयात पाणी वाहावं हे कुठल्या मुलाला बघवेल? पण आत्यांना जायचं नव्हतं. त्यांनी तसं कुणाला सांगितलं नाही. फक्त एक दिवस काकांच्या पायरीवर कॅन टेकवून त्या म्हणाल्या, "त्याचं घर चांगलंय रे. अकराव्या मजल्यावर आहे. खिडकीतून सगळं दिसतं, फक्त ओळखीचं काही दिसत नाही."

काकांना गलबलून आलं, आणि गलबलून आलं की माणूस शब्द देऊन बसतो. "आत्या, तो यायच्या आत तुझ्या नळाला पाणी आणतो," ते म्हणाले.

काकू आतून ऐकत होत्या. आत्या गेल्यावर त्या बाहेर आल्या. "अहो, पाणी ओट्याखालून नाही आणायचंय. रस्त्याखालून आणायचंय."

"फरक काय?" काका म्हणाले. "गल्ली म्हणजे लांबट स्वयंपाकघरच."

काकूंनी यावर काही म्हटलं नाही. लग्नाला बरीच वर्षं झाली की बायकोचं न बोलणंही ऐकू येतं, पण काका तोवर टेप शोधायला आत गेले होते.

पाणी खात्यातल्या मॅडम म्हणजे एक बघण्यासारखी बाई होती. टेबलावर एक पेन, एक पाण्याची बाटली, एक संगणक. चौथी वस्तू नाही. काका मनातून तिथेच निम्मे जिंकले गेले. मॅडमनी सांगितलं की नवा पाइप केव्हाच मंजूर झालाय, नकाशावाचून अडलाय. नकाशा काढणारा माणूस बदली होऊन गेला, नवा आला नाही. "तुम्ही काढून आणलात तर मी तपासून घेईन. केबल कुठं, गॅसची लाइन कुठं, गटार कुठं, आणि पाइप कुठून कसा वळणार, सगळं हवं."

पुढच्या सुट्टीला काकांनी गल्ली मोजली. टेपचं एक टोक काकूंच्या हातात, दुसरं काकांच्या, आणि सल्ले गल्लीच्या हातात. समोरच्या निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे हेडबाई म्हणत, खुर्ची टाकून बसल्या आणि टेपला झोळ पडला की टाळी वाजवून दाखवून देऊ लागल्या. खालच्या घरातले बँकवाले, म्हणजे बँकेतून मॅनेजर होऊन निवृत्त झालेले गृहस्थ, प्रत्येक माप दुसऱ्यांदा घ्यायला लावत, कारण बँकेत म्हणे एका सहीवर काही होत नाही. काकू उन्हात उभ्या राहिल्या, पण टोक त्यांनी एकदाही हलू दिलं नाही. अशी बायको मिळायला भाग्य लागतं, असं काकांना त्या दिवशी तीनचारदा वाटलं, आणि सांगायचं राहिलं.

आता कुठल्याही नकाशाला एक शून्य लागतं. शाळेत आलेखाच्या कागदावर दोन अक्ष एकमेकांना छेदायचे तिथं आपण शून्य लिहायचो, तेच हे. उजवीकडचं अधिक, डावीकडचं उणे. वरचं अधिक, खालचं उणे. मग जगात जे काही आहे, खांब असो की गटाराचं झाकण, ते त्या शून्यापासून कुणीकडे आणि किती, असं दोन आकड्यांत सांगायचं. ओटा काढताना काका भिंतीचा कोपरा शून्य धरत. गल्ली काढताना त्यांनी आपल्या घराच्या पहिल्या पायरीचा डावा कोपरा धरला. यात गर्व नव्हता. माणूस मोजायला लागतो तो आपल्या दारापासूनच.

नकाशा घेऊन ते खात्यात गेले. मॅडमनी फाइल उघडली आणि संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. पडद्यावर निळंशार पाणी पसरलं होतं. बराच वेळ शोधल्यावर त्यात एक ठिपका सापडला. तो मोठा करत नेला तेव्हा आतून गल्ली निघाली, गटाराच्या झाकणांसकट. पाण्यासाठी अर्ज केला होता हे खरं, पण एवढ्या पाण्याची कुणाचीच मागणी नव्हती.

"तुमचं सॉफ्टवेअर कपाटं काढायचं," मॅडम म्हणाल्या. "कपाट कुठल्या देशात आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. आमचं नकाशांचं. त्याला शून्य म्हटलं की ते पृथ्वीचं शून्य समजतं, आणि ते समुद्रात आहे."

"मग मी पृथ्वीपासून मोजून आणू?" काकांनी विचारलं. मॅडमनी हो म्हटलं असतं तर त्यांनी तेही केलं असतं.

"नको. तुमचं स्वतःचं शून्य ठेवा, बरेच जण ठेवतात. गल्लीच्या दोन टोकांना रस्त्यात आमचे दोन पितळी खिळे आहेत. ते तुमच्या शून्यापासून कुठं पडतात तेवढं दाखवा, म्हणजे आमचा संगणक जुळवून घेईल. शून्य कुठलंही धरा. पण एकच धरा."

हे शेवटचं वाक्य त्या दोनदा म्हणाल्या. पुढे काकांना ते फार आठवलं.

खिळे मोजून झाले, आणि इथवर सगळं नीट होतं. घोड्यानं पेंड खाल्ली ती काकांच्या सज्जनपणामुळे. गल्लीचं काम आहे, गल्लीला दिसायला हवं, म्हणून त्यांनी नकाशाची एक मोठी प्रत काढून हेडबाईंच्या फाटकाशेजारच्या फळ्यावर लावली. प्रत्येक घराच्या दारासमोर बारीक अक्षरात दोन आकडे होते.

संध्याकाळी हेडबाई चष्मा पुसत आल्या. "आमच्या दारासमोर उणे अठरा लिहिलंय."

"हो. तुम्ही रस्त्याच्या पलीकडे आहात ना, म्हणून."

"आयुष्यभर मी मुलांचे गुण कापले. माझे आजवर कुणी कापले नव्हते."

"बाई, हे गुण नाहीत. नुसती दिशा आहे."

"मग दिशा बदला," हेडबाई म्हणाल्या, आणि पलीकडे गेल्या.

त्यांच्या मागोमाग बँकवाले. त्यांचं घर खाली आणि पलीकडे, म्हणजे दोन्ही आकडे उणे. "माझं खातं कधी उणे गेलं नाही, आणि तुम्ही ते फळ्यावर लावलंत? बरं, उणे गुणिले उणे अधिक होतं ना? मग दोन्ही गुणून आम्हाला एक चांगला आकडा देऊन टाका." दातांचे डॉक्टर सगळ्यात शेवटी आले आणि फार हळू बोलले. "माझं काही नाही हो. पण पेशंट वाचतात. डॉक्टर उणे आहेत म्हटल्यावर तोंड कोण उघडणार?"

काकांनी रागावायला हवं होतं. त्यांनी वाचन केलं. मोठमोठे नकाशेवालेसुद्धा उणे येऊ नये म्हणून सगळ्या आकड्यांत एक मोठी रक्कम मिळवतात, असं त्यांना आढळलं. म्हणजे उण्याची लाज ही काही आपल्याच गल्लीची खोड नव्हे, हे कळून त्यांना बरं वाटलं. त्यांनी सगळीकडे हजार मिळवले आणि नवी प्रत लावली. कुणी उणे राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी बँकवाले दारात हजर. "डॉक्टर हजाराच्या वर, आणि आम्ही नऊशे साठ?"

तेव्हा काकांच्या मदतीला त्यांचं सॉफ्टवेअर धावून आलं. त्यात अशी सोय होती की एकाच आराखड्यात हवी तितकी शून्यं धरता यायची. जमीन तीच, रेघा त्याच. फक्त आपण कुठे उभं राहून मोजतोय ते बदलायचं, त्याला एक नाव द्यायचं आणि साठवून ठेवायचं. एक आज्ञा दिली की शून्य उचललं जाऊन दुसऱ्या दारात. काकांनी हेडबाईंच्या पायरीवर शून्य ठेवलं, नाव दिलं 'हेडबाई'. मग 'बँक', मग 'डॉक्टर', मग उरलेली घरं. सात घरांना सात शून्यं झाली. प्रत्येकाला त्याची त्याची प्रत मिळाली, जिच्यात त्याच्याच पहिल्या पायरीच्या डाव्या कोपऱ्यापाशी ठळक शून्य होतं आणि बाकीची गल्ली त्याच्याभोवती नम्रपणे पसरलेली होती.

गल्लीत एकदम शांतता नांदू लागली. हेडबाईंनी आपली प्रत चौकटीत बसवून दारातच लावली. बँकवाल्यांनी प्लास्टिकमध्ये घालून घेतली. आत्यांनी तेवढी उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "यात पाणी कुठंय?"

"यायचंय."

"आलं की दाखव," असं म्हणून त्यांनी ती कपाटाच्या फळीवर डब्यांखाली पसरली.

काका इतके खूश होते की त्यांनी काकूंना संगणकासमोर बसवून सातही शून्यं एकामागून एक हलवून दाखवली. काकूंनी शेवटपर्यंत पाहिलं, चहाचा कप त्यांच्या हाताशी ठेवला आणि विचारलं, "उद्या कुणी येऊन विचारलं, शून्य कुठंय, तर कोण काय सांगेल?"

"अगं, जमीन एकच आहे. संगणकाला बरोबर कळतं."

"संगणकाला कळतं हो. विचारणारा माणूस असला तर?"

काका हसले. हे हसणंही त्यांना पुढे आठवलं.

खात्याला त्यांनी आपलं पहिलं शून्यच दिलं, एकच दिलं. पाइप जिथे जिथे वळणार त्या जागांचा तक्ता केला आणि खाली वळणदार अक्षरात लिहिलं: 'सर्व मापे शून्यापासून. शून्य म्हणजे पहिल्या पायरीचा डावा कोपरा.' कुणाची पायरी, हे लिहिण्याची त्यांना गरज वाटली नाही. आपली पायरी माणसाला इतकी माहीत असते. मॅडमनी खिळे जुळवले, गल्ली या वेळी जमिनीवर आली, शिक्का बसला.

खणायला मुकादम आपली माणसं घेऊन आला त्या दिवशी काका गावाच्या दुसऱ्या टोकाला कुणाच्या तरी स्वयंपाकघरात गुडघ्यावर बसून कपाट बसवत होते. काकू माहेरी गेल्या होत्या. मुकादमानं पितळी खिळे शोधले, तर वरच्या खिळ्यावर डॉक्टरांची गाडी उभी. मग त्यानं तक्ता वाचला, गल्लीवर नजर फिरवली, आणि सगळ्यात उघडं दार दिसलं तिथं जाऊन विचारलं, "बाई, शून्य कुठं आहे?"

हेडबाईंनी आयुष्यात कधी 'माहीत नाही' असं उत्तर दिलेलं नव्हतं. त्यांनी दारातली नकाशाची चौकट दाखवली. "हे काय. पहिल्या पायरीचा डावा कोपरा."

तक्त्यातही तेच शब्द होते. मुकादमानं टेप लावली आणि कामाला सुरुवात झाली.

चर मात्र सुरेख खणला गेला, हे मान्य करायला हवं. प्रत्येक वळण काकांनी काढलं तसं, खोली तशी, कडा सुरीनं कापल्यासारख्या. फक्त सगळाच्या सगळा रस्त्याच्या पलीकडे आणि थोडा वर सरकलेला. व्हॉल्व्हपासून निघायचा तो बँकवाल्यांच्या हिरवळीतून निघाला. बँकवाल्यांना वाटलं, पाइपची सुरुवात आपल्याकडून होते आहे, आणि त्यांनी माणसांना चहा पाजला. कुंपणाखालून तो हेडबाईंच्या फुलांच्या ताटव्यात शिरला. त्यांचा जीव तुटला, पण शून्य आपल्याकडे म्हटल्यावर थोडी झीज सोसायलाच हवी, असं त्यांनी मनाला समजावलं. डॉक्टरांच्या दारात तो गाडी आणि फाटक यांच्या मधून गेला, आणि दुपारनंतर सुजल्या गालांचे पेशंट उड्या मारून दवाखान्यात येऊ लागले. शेवटी आत्यांच्या घराला मागून वळसा घालून तो पलीकडच्या रिकाम्या जागेत एका झुडपापाशी थांबला. जिथे कुणीही राहत नाही अशा जागी अत्यंत अचूकपणे पाणी नेण्याची व्यवस्था झाली होती.

काका संध्याकाळी गल्लीत शिरले आणि जागच्या जागी उभे राहिले. त्यांना काय झालंय हे विचारावं लागलं नाही. वळणं त्यांनी ओळखली. आपलंच अक्षर दुसऱ्याच्या वहीत दिसावं तसं त्यांना झालं.

"आम्ही कागदाप्रमाणं खणतो साहेब," मुकादम म्हणाला. "कागदात आत्याबाई नाहीत, आकडे आहेत."

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. चराच्या कडेकडेनं वरपर्यंत चालत गेल्या, झुडपापाशी थांबल्या, परत आल्या. ओरडल्या नाहीत, ओरडल्या असत्या तर काकांना सोपं गेलं असतं. "कुणाची पायरी, हे मीही विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "ही माणसं शनिवारपर्यंत इथं आहेत. तोवर एका शून्याचा नवा नकाशा मिळाला आणि सगळ्या घरांना तो मान्य असला तर हीच माणसं पुन्हा खणतील. नाही तर ती दुसरीकडे जातील, आणि मग केव्हा येतील ते मी सांगू शकणार नाही." शनिवारनंतरचा रविवार म्हणजे टेम्पोचा रविवार, हे मॅडमना माहीत नव्हतं. बाकी सगळ्यांना माहीत होतं.

सभा डॉक्टरांच्या दवाखान्यात भरली, कारण तिथं खुर्च्या होत्या. समोरच्या भिंतीवर एका भल्यामोठ्या दाढेचं चित्र होतं, आणि ते चांगलं चार बोटं वाकडं होतं. काका त्याच्या बरोबर समोर बसले आणि जागचे हलले नाहीत. तेव्हा गल्लीला खरी काळजी वाटली.

"मी यातून बाजूला होतो," काका म्हणाले. "मला कपाटं येतात. ज्याला गल्ली येते असा माणूस बघा."

"असं कसं? चूक माझी आहे," हेडबाई म्हणाल्या. हे वाक्य त्यांच्या तोंडून आजवर कुणी ऐकलं नव्हतं, त्यामुळे सगळे जरा दचकले.

"मीही चहा पाजला," बँकवाले म्हणाले.

"मी गाडी लावली," डॉक्टर म्हणाले.

असा पाचएक मिनिटं पश्चात्ताप झाला. मग शून्य कुठे धरायचं हा प्रश्न आला, आणि पश्चात्ताप संपला. हेडबाईंचं म्हणणं, त्यांची पायरी मुकादमाला आता माहीतच झाली आहे. बँकवाल्यांचं म्हणणं, सुरुवात खालून होते तर शून्यही खालीच हवं. डॉक्टरांच्या मते दवाखाना ही सार्वजनिक जागा होती. आवाज चढले. काका दाढेकडे बघत राहिले.

आत्या तेव्हा बाहेर नळावर आल्या होत्या. दोन भरलेले कॅन दाराशी टेकवून त्या आत आल्या आणि मोकळ्या खुर्चीत बसल्या. वर चढण्याआधी त्या अशाच क्षणभर टेकत, पण आज त्यांना धाप जरा जास्त लागली होती, आणि ती सगळ्यांना ऐकू आली.

"काय शोधताय?" त्यांनी विचारलं.

"शून्य," डॉक्टर म्हणाले.

"हरवलं?"

"नाही गं आत्या," काका म्हणाले. "सगळ्यांनी जिथून मोजायचं अशी एक जागा हवीय. पक्की. हलणार नाही अशी."

"हलणार नाही अशी? मग मला धरा की. टेम्पो येतोय तरी मी हलत नाहीये."

दाराशी उभ्या असलेल्या काकू पुढे आल्या. "आत्यांचा नळ धरा," त्या म्हणाल्या. "भिंतीत पक्का बसवलाय. पाणी न्यायचंय तेही तिथंच. मग मोजायचंही तिथूनच."

"तिथं इतकी वर्षं शून्यच आहे," आत्या म्हणाल्या. "तुम्हाला काही करावं लागणार नाही."

हेडबाईंनी पर्समधून पेन्सिल काढली आणि डॉक्टरांच्या औषधाच्या कागदावर एक आकृती काढली. "आत्यांचं घर सगळ्यात वर, टोकाला," त्या हळूहळू म्हणाल्या. "म्हणजे मग आपण सगळेच उणे."

बाहेर कॅनचं झाकण नीट लागलं नव्हतं, त्यातून पायरीवर पाणी ठिबकत होतं.

"लिहा," हेडबाई म्हणाल्या. "आमचे उणे किती होतात ते नीट मोजा आणि लिहा."

"आमचे सगळ्यात जास्त होतील," बँकवाले म्हणाले. "होऊ द्यात."

काकांनी खिशातून रुमाल काढून नाक पुसलं. मग उठले, दाढेपाशी गेले आणि चित्र सरळ केलं. गल्लीच्या जिवात जीव आला. अशी माणसं शेजारी असावीत, असं काकांना वाटलं, आणि या खेपेला त्यांनी ते बोलूनही दाखवलं; पण तोंड भिंतीकडे असल्यामुळे कुणाला कळलं नाही.

नवा नकाशा मॅडमनी वरून खालपर्यंत वाचला. "सगळं उणेच आहे की हो."

"चालत नाही का?"

"चालतं. उण्याचं काय, सगळ्यांचं एकाच ठिकाणापासून असलं म्हणजे झालं." या वेळी त्या स्वतः गल्लीत आल्या, डॉक्टरांना गाडी काढायला लावली आणि रस्त्यावर उकिडव्या बसून दोन्ही खिळे मुकादमाच्या टेपशी ताडून पाहिले. बाई खरोखर मोठी. मुकादमानं सवयीनं विचारलं, "शून्य कुठं?" आणि गल्लीतल्या प्रत्येक दारातून एकेक हात वर, आत्यांच्या घराकडे गेला.

रविवारी सकाळी टेम्पो आला. मुलगा दोऱ्यांची वेटोळी खांद्यावर टाकून आत शिरला तेव्हा आत्यांच्या स्वयंपाकघरात मुंगीला शिरायला जागा नव्हती. खाली व्हॉल्व्ह उघडल्याची हाक ऐकू आली. नळ खोकला, हवा ओकला, थोडा चिखल काढला, जरा थांबला, आणि मग धो धो वाहायला लागला. डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. आत्यांनी पेला भरला आणि मुलासमोर धरला. "घे. घरचं."

मुलानं पेला रिकामा केला, डोळे पुसले, आणि तरीही म्हणाला, "फार चांगलं झालं. पण आई, आज आलंय, उद्या गेलं तर? तू चल."

"मला नेता यायचं नाही," आत्या म्हणाल्या. "सगळ्या गल्लीचं पाणी माझ्यापासून मोजलंय. मला हलवलंस तर सगळ्यांचं चुकेल. विचार तुझ्या दादाला."

मुलगा काकांकडे वळला. "दादा, असं असतं का खरंच?"

काकांनी जन्मात कधी माप चुकीचं सांगितलं नव्हतं. शून्य एका आज्ञेसरशी हलतं, हे या खोलीत त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं; ते त्यांनी सात दारांत नेऊन दाखवलं होतं. शिवाय शून्य नळ होता, आत्या नव्हत्या. काकू त्यांच्याकडे बघत होत्या. काकांची नजर आत्यांकडे गेली. त्या ओल्या हातांनी पेला धरून उभ्या होत्या.

"असतं," काका म्हणाले. "एकदा धरलेलं शून्य हलवता येत नाही."

काकूंनी पुढे होऊन नळ बंद केला. मुलानं क्षणभर आईकडे पाहिलं, मग खांद्यावरच्या दोऱ्या काढून भिंतीतल्या खिळ्याला अडकवल्या आणि खुर्ची ओढून बसला.

"आई," तो म्हणाला, "अजून एक पेला दे."